एक दांडा, तीन पाती
परसबागेसाठी खुरपे, दाताळे आणि हातकुदळ ही तिन्ही पाती एकाच दांड्यावर बसवता येतील असे अवजार मी घडवत आहे, आणि त्यात खरा कस लागतो तो जोडाचा. गोल नळीत बसवलेले पाते मुळाला अडकताच फिरते, म्हणून मी चौकोनी पोलादी नळी निवडली. खुरपे मातीत खुपसताना जोड आत दाबला जातो, तर दाताळे ओढताना तोच बाहेर खेचला जातो. त्यामुळे केवळ घट्ट बसण्यावर विसंबता येत नाही. दाबताच आत जाणारे आणि सोडताच नळीच्या भोकात अडकणारे स्प्रिंगचे बटण दिसायला सुबक असते, परंतु ओल्या काळ्या मातीने ते जाम होते. त्याऐवजी आरपार बोल्ट आणि विंग नट (पंखांसारखे दोन कान असलेला नट) वापरला, जो चिखलाने माखलेल्या बोटांनीही पिळता येतो. नळीला खालच्या बाजूने एक भोकही ठेवले आहे, ज्यातून आत साचलेली माती धुऊन काढता येते.