आज तू कुठे राहतोस?

"बाबा, आज तू कुठे राहतोस?"

पहाटे साडेचारला बुटाची नाडी बांधत होतो. लेक उशीला बिलगूनच बोलली. 'कुठे चाललास' नाही, 'कुठे राहतोस'. टॅक्सीत बसलो तरी तेच कानात.

कामासाठी दर मंगळवारी नागपूरहून मुंबई, गुरुवारी रात्री परत. हवेत जेमतेम दीड तास. सोनेगावचा विमानतळ घरापासून वीस मिनिटांवर. मुंबईत दोन खोल्यांना जे भाडं पडतं, त्यात इथे अंगण आहे, लिंबाचं झाड आहे, आईबाबा शेजारच्या खोलीत आहेत. हिशेब पक्का होता.

पण वेळ आकाशात जातच नाही. तो जातो सुरक्षा तपासणीच्या रांगेत, पट्टा काढून पुन्हा बांधण्यात, उतरल्यावर लोअर परळपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये. आणि जुलैत? एकदा मुंबईवर घिरट्या घालून विमान थेट अहमदाबादला उतरलं. त्या रात्री परतून लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमाला जायचं होतं.

आत्ता फोनवर तिने सांगितलं, लिंबाला फुलं आलीत. लहान, पांढरी, वास घेतला की शिंक येते म्हणे.

मुंबईत घर बघायचं, की नागपुरातच दुसरं काम शोधायचं? असं ये-जा करणारं कोणी आहे का इथे? मुलांना काय सांगता?