कोरियनमधलं ‘जमत नाही’

कोरियन शिकताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो ‘जमत नाही’ म्हणायला. क्रियापदाआधी ‘आन’ आलं तर साधा नकार, ‘मोत’ आलं तर असमर्थता, हे सुरुवातीलाच कळतं. मी शाकाहारी, म्हणून मटण ‘आन मॉगॉयो’, म्हणजे खात नाही. एखाद्याला कोळंबीची ॲलर्जी असेल तर तो म्हणेल ‘मोन मॉगॉयो’.

इथे ‘मोत’चं ‘मोन’ झालं, आणि खरी मेहनत तिथेच पडली. ‘मोत’चा उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे बदलतो. जाता येत नाही: ‘मोत क्कायो’. वाचता येत नाही: ‘मोन निल्गॉयो’. करता येत नाही: ‘मोथेयो’. लिहिताना मात्र सगळीकडे तेच एक अक्षर! टोपिक-१ या कोरियन भाषेच्या प्राथमिक परीक्षेत ऐकण्याचे ३० प्रश्न असतात, तिथे लिपी मदतीला येत नाही. मी जोड्या मोठ्यानं वाचून फोनवर रेकॉर्ड करायचे आणि प्रवासात ऐकायचे. कान तयार झाला तो असाच.

जागेचं तसं सोपं आहे. नामाला ‘हादा’ (करणे) लागून क्रियापद झालं असेल तर ‘मोत’ त्या दोघांच्या मध्ये शिरतो: ‘सुयॉंग मोथेयो’, पोहता येत नाही.

यानंतर असमर्थता सांगणारे आणखी दोन प्रकार, ‘काल सु ऑप्सॉयो’ (मूळ रूप ‘सु ऑप्ता’) आणि ‘हाल चुल मोल्लायो’ (मूळ रूप ‘चुल मोरुदा’), आले. आमच्या पुस्तकात या सगळ्या रूपांसमोर इंग्रजीतलं एकच ‘कान्ट’ लिहिलेलं, त्यामुळे काहीच उलगडेना. मग इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीशी ताडून पाहिलं आणि गुंता सुटला. ‘सु ऑप्ता’ म्हणजे आपलं ‘शकत नाही’: रस्ता बंद आहे, जाऊ शकत नाही. ‘चुल मोरुदा’ म्हणजे शिकलेलोच नाही: गाडी चालवता येत नाही, पोहता येत नाही. आणि तिखटानं तोंड भाजल्यावरचं ‘मेवॉसॉ मोन मॉगॉयो’ म्हणजे अगदी आपलं ‘खाववत नाही’. मराठी माणसानं हे इंग्रजीतून शिकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

बोलावणं नाकारताना ‘आन कायो’ तुटक वाटतं. जायची इच्छाच नाही असा त्याचा सूर लागतो. ‘याक्सोगी इस्सॉसॉ मोत क्कायो’, म्हणजे आधीच कुणाला तरी भेटायचं ठरलंय म्हणून येता येत नाही, असं कारण जोडून सांगितलं की समोरचा दुखावत नाही. त्याहून मऊ हवं असेल तर ‘मोत क्काल कॉत काथायो’: जमेलसं वाटत नाही.