आमची वाटचाल : सकाळी आठचं सॅम्पल

२००९ साली कराडात दोन खोल्यांत लॅब टाकली, तेव्हा हिमोग्लोबिन, शुगर आणि लघवी यांवर आमचं पोट होतं. हार्मोनचं काही आलं की थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून पुण्याला.

पहिला मोठा धडा एसीटीएचने दिला. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे हार्मोन सोडते आणि त्याच्या हुकमावर मूत्रपिंडावरची ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे हार्मोन बनवते. पेशंटचं कॉर्टिसॉल कमी आलं होतं, म्हणून डॉक्टरांनी एसीटीएच सांगितलं. मी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं आणि प्लाझ्मा (रक्तपेशी काढून उरणारा द्रव) वेगळा न करताच डबा गाडीत चढवला. खंबाटकी घाटात गाडी अडकली, पुण्याला पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालं. रिपोर्ट आला तो जवळजवळ शून्य. कॉर्टिसॉल कमी आणि एसीटीएचही कमी म्हणजे दोष पिट्युटरीत, म्हणून मेंदूच्या एमआरआयची चिठ्ठी तयार झाली. मला रात्री झोप लागेना. सकाळी पेशंटला बोलावून फुकट पुन्हा सॅम्पल घेतलं, लगेच थंड ठेवूनच मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा केला आणि तो गोठवूनच पाठवला. या वेळी आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट वर! म्हणजे पिट्युटरी हुकूम देत होती, बिघाड होता ॲड्रिनल ग्रंथीतच. चूक सर्वस्वी माझी होती. त्याच महिन्यात कर्ज काढून रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूज (थंड ठेवून रक्त फिरवणारं मशीन) घेतलं.

मग एलायझा रीडर आला, म्हणजे खाचांच्या प्लेटवर रंगावरून हार्मोन मोजणारं यंत्र. कॉर्टिसॉलच्या किटमध्ये ९६ खाचा, पण दर वेळी स्टँडर्ड आणि कंट्रोल (मापाची खात्री करायचे ठरावीक नमुने) जोडीने लावायचे म्हणजे पंधरा-सोळा खाचा तिथेच जायच्या. दोन पेशंटसाठी एवढं परवडेना. म्हणून सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) गोठवून ठेवायचो आणि गुरुवारी एकदम लावायचो.

धंद्याला खरा फटका बसला तो वेळेमुळे. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. संध्याकाळच्या सॅम्पलवर सकाळची नॉर्मल रेंज छापणं ही माझ्या मते फसवणूकच. संध्याकाळी आलेल्यांना आम्ही परत पाठवायचो. काही जण शेजारच्या लॅबमध्ये जायचे. जाऊ देत. आम्ही दहाऐवजी साडेसातला शटर उघडायला लागलो आणि रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ छापू लागलो.

एकदा एका आजींचं कॉर्टिसॉल १.२ म्हणजे फारच कमी आलं, तेही सकाळी आठचं. विचारलं, "आजी, सांध्यांसाठी काही घेत होता का?"

"पुड्या घेत हुते की. धा दिस झालं, सोडल्या."

पुडीत काय होतं ते आम्ही तपासलेलं नाही, पण संशय स्टेरॉइडचाच. बाहेरून स्टेरॉइड (कॉर्टिसॉलसारखंच औषध) मिळत राहिलं की ॲड्रिनल ग्रंथी झोपते आणि पुड्या एकदम बंद केल्या म्हणून ती लगेच जागी होत नाही. रिपोर्ट छापायच्या आधी मी डॉक्टरांना फोन लावला. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पुड्या, मलम, दम्याचा पंप आणि केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या यांचा रकाना आहे.

आता सीएलआयए हे हार्मोन मोजणारं स्वयंचलित मशीन आहे, गुरुवारची वाट पाहावी लागत नाही. डेक्सामेथासोन टेस्टसाठी (रात्री या स्टेरॉइडची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल खाली येतं का ते पाहायचं) रात्री अकराला गोळी घेतली का, हे विचारायला आमची रिसेप्शनवरची ताई स्वतः फोन करते. हप्ते अजून चालू आहेत.