मोजायला शिकलो, मग मशीन हाती आलं

मशीन शॉपमध्ये शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून दाखल झालो तेव्हा वाटायचं, शिकायचं ते मशीन. कुठलं हँडल, किती स्पीड, किती फीड, एवढं जमलं की झालं. आता उमेदवारी संपत आली आहे आणि मागे पाहतो तर सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोजायला शिकण्यात. तो तसाच जायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे. म्हणून या लाईनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

सुरुवात बेंचवर झाली. व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा, हातात कानस, आणि काटकोन्याखालून उजेड दिसेनासा होईपर्यंत घासत राहायचं. खांदे भरून येतात, कंटाळा येतो, पण हे टाळू नका. पात्याखालची काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फटसुद्धा उजेडात डोळ्याला दिसते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

मग लेथ, म्हणजे तुकडा (जॉब) फिरवत ठेवून कापणारं मशीन. तिथे पहिले काही दिवस नियमांचेच. फिरत्या मशीनवर हातमोजे नाहीत, सैल बाही नाही, जॉब धरणाऱ्या चकची चावी काम झाल्याक्षणी बाहेर, आणि चिप्स (कापून निघालेला धातूचा कीस) हाताने ओढायच्या नाहीत, त्यासाठी हूक आहे. यातला एकही नियम उगाच नाही. फिरत्या जॉबने कापड पकडलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

फोर जॉ चकमध्ये, म्हणजे चारही जबडे (जॉ) वेगवेगळे हलणाऱ्या चकमध्ये, गोल जॉब मध्यावर आणणं ही खरी परीक्षा. जॉबवर डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं घड्याळासारखं उपकरण) लावून चक हाताने फिरवायचा. एका फेरीत काटा एकूण ०.४० मिमी हलला तर जॉब ०.२० मिमीने बाहेर आहे, म्हणजे सरकवायचा तो निम्मा. समोरासमोरच्या जॉची एकच जोडी घ्यायची, एक सैल करायचा, मग दुसरा आवळायचा. चारही जॉ एकदम छेडले की काटा कुठेच टिकत नाही. आमच्या शॉपमधले सेटर (कामासाठी मशीन लावून देणारे) काका शेजारी उभे राहायचे, पण चावीला हात लावायचे नाहीत. "काटा काय सांगतोय ते तू मला सांग," एवढंच. उत्तर न देणारा असा माणूस शिकवायला लाभणं हे मी भाग्य समजतो.

आता मोजमाप. समजा ड्रॉइंगवर शाफ्टला २५ जी६ आणि तो ज्यात बसतो त्या बोअरला (भोकाला) २५ एच७ लिहिलंय. २५ हा मिमीमधला व्यास, पुढचं अक्षर-आकडा म्हणजे माप किती इकडेतिकडे चालेल (टॉलरन्स) त्याची खूण. तक्त्यात पाहिलं की कळतं, बोअर २५.००० ते २५.०२१ मिमी चालेल आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३. म्हणजे शाफ्टसाठी हातात फक्त १३ मायक्रॉन. ०.०२ मिमी लीस्ट काउंटचा (म्हणजे त्याहून बारीक न वाचणारा) व्हर्नियर इथे कामाचाच नाही, कारण त्याचा एक भाग सगळ्या टॉलरन्सपेक्षा मोठा. साध्या मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यात ०.५ मिमी सरकतो आणि थिंबलवर (फिरवायच्या नळीवर) ५० भाग असतात, त्यामुळे तो ०.०१ पर्यंत वाचता येतो. या शाफ्टला तोही अपुरा. एक मायक्रॉन वाचणारा लागतो.

वाचन घेण्याआधी काका म्हणायचे, "आधी जॉब पूस, मग तोंडं पूस, मग शून्य बघ." मायक्रोमीटरची मोजणारी दोन्ही तोंडं स्वच्छ, जॉबवर बर (कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) नाही, कूलंटचा थर नाही, आणि शेवटचा स्पर्श रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या मुठीने). थिंबल पिळून दाबलं तर प्रत्येकाच्या हाताचं माप वेगळं येतं.

एकदा त्यांनी कट संपल्याबरोबर शाफ्ट मोजायला लावला, आकडा लिहून घेतला, आणि तोच शाफ्ट थंड झाल्यावर पुन्हा मोजायला दिला. माप कमी आलं होतं. हिशेब सोपा आहे: स्टील एका मीटरला दर अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. २५ मिमीचा जॉब ३० अंशांनी तापला तर जवळजवळ ९ मायक्रॉन. आपल्याकडे आहेत १३! गरम जॉब मोठा दिसतो म्हणून आणखी एक कट घेतला, तर थंड झाल्यावर तो मापाखाली जातो आणि थेट स्क्रॅपमध्ये. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरलं आहे, ते याचसाठी. तक्ता पाठ करून जे समजलं नसतं ते त्या दोन आकड्यांनी समजावलं.

बोअरला प्लग गेज, म्हणजे दोन टोकांना दोन ठरावीक मापं असलेली दांडी. गो बाजू स्वतःच्या वजनाने आत जायला हवी, नो-गो बाजू तोंडाशीच थांबायला हवी. नो-गो जोर लावून घुसवून पाहणारे मी पाहिलेत. त्याने गेजही झिजतं आणि उत्तरही खोटं मिळतं.

शिफ्टचं म्हणाल तर पाय दुखतात, पण त्याची सवय होते. रात्रपाळी मात्र अंगावर येते. पहाटे थकलेला डोळा मायक्रोमीटरवरची ०.५ मिमीची रेघ सहज चुकवतो, म्हणून त्या वेळी महत्त्वाचं माप, आपला आकडा न सांगता, शेजारच्या ऑपरेटरला पुन्हा घ्यायला लावायचं, असा नियम मी स्वतःला घातला आहे. पाळी बदलताना पुढच्या माणसाला कुठला इन्सर्ट (हत्याराचं बदलायचं कापणारं टोक) किती चालला, ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) कधी आणि किती दिला, हे लिहूनच द्यावं. तोंडी निरोप मशीनच्या आवाजात हरवतात.

यानंतर सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं) लेथ आलं आणि ते अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. फिनिशला (शेवटच्या कटला) थोडा माल राखायचा, जॉब थांबवून मोजायचा, जेवढा फरक तेवढा वेअर ऑफसेट (हत्याराच्या झिजेसाठीची दुरुस्ती). आमच्या मशीनवर एक्सची (जॉबच्या आडव्या दिशेची) किंमत व्यासात असते, त्यामुळे व्यास ०.०२ ने जास्त असेल तर उणे ०.०२ च द्यायचा, निम्मा नाही. फोर जॉच्या निम्म्याची सवय इथे विसरावी लागते.

स्वतंत्र सेटिंगची सही मिळायच्या दिवशी काकांनी ड्रॉइंग आणि कच्चा माल दिला आणि ते दुसऱ्या मशीनकडे निघून गेले. पहिला पीस काढला, थंड होऊ दिला, मोजला, नोंद केली आणि तपासणीला पाठवला. स्टँडर्ड रूममधलं माप आणि माझं माप यांत एका मायक्रॉनचा फरक निघाला. लॉगबुकवर सही झाली आणि बॅच चालू केली. पुढच्या महिन्यापासून ग्राइंडिंग सेक्शनला आहे. तिथे टॉलरन्स याहून बारीक असतात.