आमची वाटचाल : आगगाडीची मूळ फाइल

२००४ च्या मे महिन्यात मूव्हेबल टाइप या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरची तिसरी आवृत्ती आली. तिच्याबरोबर परवान्याचे नवे नियम आले आणि ब्लॉग लिहिणारे पुष्कळ जण वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळायला लागले. त्यांचे ब्लॉग हलवून द्यायचा आमचा धंदा त्या गर्दीतून उभा राहिला. मी आणि माझा भागीदार, दोन कॉम्प्युटर, एवढीच कंपनी. लेख एकीकडून काढून दुसरीकडे भरणं सोपं होतं, खरी मेहनत पत्त्यांची. लेखाचा पत्ता बदलला की बाहेरून येणारा प्रत्येक दुवा ४०४ वर, म्हणजे 'पान सापडत नाही' या संदेशावर, जाऊन आपटतो. आम्ही एकेका लेखासाठी ३०१ ची, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारी, ओळ हाताने लिहून द्यायचो. आजही कुणी साइट हलवत असाल तर आधी जुन्या पत्त्यांची पूर्ण यादी काढा. थीम कुठली लावायची ते मागाहून बघता येतं.

त्या काळी जावास्क्रिप्टमधली चूक शोधायची म्हणजे जागोजागी अलर्ट टाकायचे आणि ओके दाबत बसायचं. २००६ मध्ये फायरबग हे ब्राउझरला जोडायचं चुका शोधणारं साधन आलं. पानावरच्या कुठल्याही चौकटीवर बोट ठेवावं आणि तिचं मार्जिन, पॅडिंग, कुठल्या ओळीतला सीएसएस, म्हणजे रूप ठरवणारा नियम, तिला लागलाय ते समोर दिसावं, हे पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री आम्ही दोघं घरी गेलोच नाही. आता ही सगळी सोय ब्राउझरमध्येच असते आणि नव्या मुलांना तिचं काही वाटत नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला आठवडा दुसऱ्यांची पानं उघडून वाचायला लावतो. शंका आली की एमडीएन, वेबच्या भाषांची संदर्भ-साइट. विकतचे कोर्स नंतर.

खेळांचं वेड भागीदाराचं. त्याचा हात फ्लॅशवर, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारे खेळ करायच्या सॉफ्टवेअरवर, बसलेला होता. मुलांना गणित शिकवणाऱ्या एक बाई आमच्याकडे ब्लॉगसाठी आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, बेरजेचा एखादा खेळ होईल का? भागीदाराने आगगाडी केली. इंजिनावर एक संख्या, खालून डबे सरकत येतात, बेरीज जुळेल तेच डबे जोडायचे. बाईंनी तो वर्गात लावला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला, "मुलं सुट्टीत बाहेर जाईनात हो!" त्यानंतर दरवर्षी त्यांनी आमच्याकडून एक तरी खेळ करून घेतला. पैसे कधी उशिरा आले नाहीत. चूक सापडली तर कुठल्या मुलाने कुठलं बटण कितव्यांदा दाबलं, इथपर्यंत लिहून पाठवायच्या. इतकं नेमकं लिहून देणारं गिऱ्हाईक मला परत भेटलं नाही.

आता जे सांगायचंय ते इतकी वर्षं मनात आहे. आमची आगगाडी एका खेळांच्या पोर्टलवर दिसली. लोडिंगच्या पट्टीवर नाव त्यांचं. आम्ही फाइलला कुलूप घातलं होतं, आमच्या डोमेनबाहेर खेळ चालूच नये असं. त्यांनी डीकंपायलरने, म्हणजे तयार फाइलीतला कोड उलगडणाऱ्या साधनाने, एसडब्ल्यूएफ (खेळाची तयार फाइल) उघडून ती तपासणी काढून टाकली होती. तेवढ्यावर थांबले नाहीत. आम्ही ज्या मोठ्या कामासाठी बोलणी करत होतो, तिथे जाऊन त्यांनी सांगितलं की मूळ खेळ त्यांचा आणि नक्कल आमची. काम हातचं गेलं. मी वेबॅक मशीन या वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवरून आमच्या पानाची जुनी नोंद काढली, तारखेसकट. ती त्यांच्या पोर्टलवरच्या पहिल्या नोंदीपेक्षा १४ महिने आधीची निघाली. समोरच्या साहेबांनी पाहिली, मान हलवली, आणि म्हणाले, करार झालाय. पोर्टलवाल्यांनी आजवर चूक कबूल केलेली नाही. भागीदार त्या वर्षाअखेर नोकरीला लागला. भांडण नव्हतं, पण त्याचं मन उडालं होतं. जाताना माझ्या हातात एक हार्ड डिस्क देऊन गेला.

पुढची वर्षं वर्डप्रेसच्या कामात बरी गेली.

फ्लॅश बंद होणार हे जुलै २०१७ मध्ये जाहीर झालं होतं. साडेतीन वर्षं हातात होती आणि ती मी घालवली, हे मान्य करतो. ३१ डिसेंबर २०२० ला पाठबळ संपलं, १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच खेळ चालवायला नकार दिला. आमचे ४१ खेळ एका दिवसात करडे चौकोन झाले. वार्षिक करारवाले एकेक करून सोडून गेले. दोन मुलांना कामावरून कमी करावं लागलं. बाई थांबल्या. "तुम्ही करा, मी वाट बघते," एवढंच म्हणाल्या.

तेव्हा ती हार्ड डिस्क उघडली. भागीदाराने रोज संध्याकाळी एफएलए फाइल, म्हणजे जिच्यातून एसडब्ल्यूएफ बनते ती मूळ फाइल, त्या दिवसाची तारीख नावात घालून साठवली होती. प्रत्येक खेळाची, अगदी आवाजांच्या मूळ वेव्ह फाइलींसकट. अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ या फ्लॅशच्या भाषेतले बरेचसे खेळ रफलवर, म्हणजे जुने फ्लॅश खेळ आजच्या ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या साधनावर, जवळजवळ जसेच्या तसे चालले. ३ मधले तेव्हा चालत नव्हते, ते कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या चित्रफलकावर, नव्याने लिहायला घेतले. मूव्ही क्लिपमधलं एकेक चित्र काढून स्प्राइट शीट, म्हणजे सगळी चित्रं मांडलेली एकच प्रतिमा, केली आणि फेझर ही खेळ लिहायची लायब्ररी वापरली. पहिल्या स्पर्शाआधी ब्राउझर आवाज सुरू होऊ देत नाही, म्हणून प्रत्येक खेळाला "सुरू करा" बटण दिलं. पोर्टलवाल्यांकडे फक्त एसडब्ल्यूएफ होत्या. त्यांचं पोर्टल त्याच वर्षी बंद पडलं.

टॅब्लेटवर नीट चालावी म्हणून आगगाडीही नव्याने लिहिली. ती बाईंकडे गेली आणि तक्रार आली : नव्या टॅब्लेटवर गाडी दुप्पट पळते, मुलं रडकुंडीला येतात. फ्लॅशमध्ये खेळाचा वेग फ्रेमवर ठरायचा, सेकंदाला २४ म्हणजे २४. ब्राउझरमध्ये चक्र पडद्याच्या गतीने फिरतं. ६० हर्ट्झवर मी जुळवून घेतलं होतं, त्यांचा पडदा १२० चा. दोन फ्रेममध्ये किती मिलिसेकंद गेले ते मोजून त्या हिशोबाने डबा सरकवायचा, तेव्हा वेग सगळीकडे सारखा येतो. खेळ लिहायला घेणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करावं, नंतर शंभर ठिकाणी शोधत फिरावं लागतं.

नवी आगगाडी मी भागीदाराला पाठवली. त्याने सगळे टप्पे खेळून काढले आणि रात्री उशिरा एक ओळ आली, सातव्या टप्प्यावर शिट्टी जरा उशिरा वाजते. खरंच वाजत होती.

जुन्या फ्लॅश खेळांचा एक संग्रह परवा चाळताना आमची आगगाडी पुन्हा दिसली. लोडिंगच्या पट्टीवर अजून त्यांचंच नाव आहे. संग्रह चालवणाऱ्यांना मी वेबॅकची ती नोंद आणि एफएलए फाइलींच्या तारखा पाठवल्या आहेत. तिथे भागीदाराचं नाव लागावं एवढीच मागणी आहे. उत्तर अजून आलेलं नाही.