हातात काठी हवी

पांझरेच्या काठावर आमच्याकडे कुणाला उगाच बसू देत नाहीत. मागच्या वर्षी मी बंधाऱ्याच्या भिंतीवर अर्धा तास नुसता पाण्याकडे बघत बसलो, तर दिवेलागणीपर्यंत तिघांनी आईला विचारून झालं होतं, "पोराचं काही बिनसलंय का?" शेजारच्या काकूंनी तर धुळ्याच्या एका डॉक्टरचा नंबरच आणून दिला. तेव्हापासून मी गळ घेऊन जातो. भिंत तीच, पाणी तेच, उद्योग काही नाही तोही तोच. पण हातात काठी दिसली की माणसाची काळजी कुणी करत नाही. जाता जाता एवढंच विचारतात, "लागना का?"

"नई ना भो," म्हणायचं. विषय संपला.

डोह एका फडाच्या बंधाऱ्यामागे आहे. फड म्हणजे कुस्तीचा नव्हे नि तमाशाचाही नव्हे. नदीत दगडी बंधारा घालून पाटाने पाणी फिरवायचं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाटकऱ्याने पाणी द्यायचं आणि जागल्याने राखण करायची, ही आमच्या नद्यांवरची काही शतकांची रीत. आता या बंधाऱ्यात गाळच जास्त. तरी माघात सगळी नदी वाळूवर आली की भिंतीच्या पोटाशी एवढंसं पाणी उरतं. पंचवीस हात मारले की पलीकडचा काठ.

त्यात माशांचं बीज सोडलंय भोई मंडळींनी. त्यांना विचारूनच बसतो. एका गळाला ते नाही म्हणत नाहीत. बहुधा त्यांनी माझा गळ टाकण्याचा वकूब पाहिला असावा.

आमिषाला शेंगदाण्याची पेंड आणि कणीक. पेंड नसली तर म्हशीच्या पुढ्यातली सरकीची ढेप उचलतो, म्हैस अजून तरी काही बोललेली नाही. कणीक मात्र जमावी लागते. मांड्यांची कणीक हातावर घेतली की आपोआप पसरत जाते, तसली पाण्यात पडल्या पडल्या विरघळते. घट्ट मळली तर मासा तोंड लावत नाही. गोळी बोराच्या बीएवढी, गळाचं टोक जेमतेम झाकेल इतकी. वर तंगुसाला ज्वारीच्या धांड्याचं बोटभर भेंड बांधलेलं. बाजारात रंगीत तरंगते मिळतात, पण भेंड हलकं, फुकट, आणि हरवलं तर शेताच्या बांधावर हवं तेवढं.

डोहातली बिऱ्हाडं मजल्यांवर राहतात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, त्यामुळे त्याचं जेवण वरच्या पाण्यात. रोहू मधल्या मजल्यावर. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी, गाळात तोंड घालून. कटला, रोहू, मृगळ मूळचे गंगेकडचे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तळ्यात ते संसार मांडत नाहीत. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांना अंडी घालायला लावलं, आणि मग कुठे हे बीज आमच्यासारख्या कोरड्या मुलखात पोचायची वाट मोकळी झाली. सायप्रिनसचं तसलं काही नाटक नाही. त्याला ना पूर लागतो ना सुई. काठाला पाणवनस्पती दिसली, की तिच्यावर अंडी चिकटवून तो मोकळा.

साधारण अकराला ऊन पाण्यात उतरलं आणि पाणकणसांच्या अलीकडे बुडबुडे यायला लागले. वरण उकळायच्या आधी पातेल्याच्या कडेला येतात ना, तसले बारीक. खाली कुणीतरी गाळ उकरत होतं. भेंड एकदा थरथरलं. मग बुडायचं सोडून ते वर आलं आणि पाण्यावर आडवं झालं.

नवखा इथेच फसतो. त्याला वाटतं, भेंड बुडेल तेव्हा ओढू. खाली माशाने गोळी उचललेली असते, त्यामुळे शिशाचं वजन सुटून भेंड लोळतं. त्याच्या जबड्यात दात नाहीत, दात घशात. त्यामुळे तो वस्तू आधी ओढून घेतो, चाखतो, आवडली तर आत पाठवतो, नाहीतर सरळ थुंकतो. बाजारात शेंगा चाखून बघणाऱ्या बायका आठवाव्या. मला हे सगळं पाठ आहे. तरी मी बुडायची वाट बघत बसलो. गळ वर काढला तर लख्ख. गोळी धुऊन पुसून नेलेली.

शेळ्या घेऊन आलेल्या एका बाबांनी हे पाहिलं. शेजारी टेकले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "त्याले भूक लागी तवय ई." तेवढ्यात बाभळीवरून खंड्या सुटला, पाण्यात पडला आणि बोटभर मासळी घेऊन परत फांदीवर. जेमतेम दोन सेकंद. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

दुपारी कळण्याची भाकरी आणि ठेचा. त्यानंतर मी बहुधा डुलकी घेतली असावी, कारण चारच्या सुमाराला काठीने मला उठवलं, मी काठीला नव्हे. ओढलं, सोडलं, परत ओढलं, एक पाय चिखलात गेला. वर आला सायप्रिनस, पाऊण किलो असेल. ओठांच्या कडेला मिशांच्या दोन जोड्या. तोंड बटव्यासारखं पुढे येत होतं आणि दोरी ओढल्यासारखं आत जात होतं. खवल्यांवर नव्या तांब्याच्या भांड्याचा रंग.

घरी आलो तर आईने शेवभाजी केलेली. माशाकडे तिने असं पाहिलं, जणू मी पाहुणा न सांगता आणलाय.

"आज कसा काय लागला?"

"लागला."

"मी मसाला वाटलेला नाही," ती म्हणाली. गळ घेऊन गेलेल्या मुलाच्या भरवशावर कांदा-खोबरं भाजून ठेवण्याइतकी ती भोळी नाही.

मासा शेवटी शेजारच्या काकूंकडे गेला. दुसऱ्या दिवशी त्या पातेलं धुऊन परत द्यायला आल्या, आईशी दोन शब्द बोलल्या, आणि जाताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आता बरं वाटतं ना रे?"