आधी चौदा दाते, मग टायर

माझं ठाम मत आहे की सह्याद्रीतल्या कच्च्या चढांसाठी रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ मोटरसायकलचा पहिला गिअर जरा लांब आहे, म्हणजे अगदी सावकाश चालीला तो जमत नाही. इंजिनात दम आहे, ३२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याची ताकद) काही कमी नाही. पण वेल्ह्याच्या बाजूला धनगरवाड्यांकडे चढणाऱ्या वाटा आहेत ना, सुट्टे गोटे आणि मध्येच पावसाने पाडलेले चर, तिथे गाडी माणसाच्या चालीने न्यावी लागते. त्या चालीला इंजिन आचके द्यायला लागतं, मग आपण हाफ क्लचवर ओढत राहतो. माथ्यावर पोचेपर्यंत क्लचचा जळका वास आणि डाव्या हाताची बोटं आखडलेली.

कंपनीचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, १५ दात्यांचं, मागचं ३८ चं. पुढे १४ चं बसवा. गुणोत्तर २.५३ वरून २.७१ वर जातं, म्हणजे चाकावर सात टक्के जास्त ओढ. हेच मागून साधायचं तर ४१ दाती चकती लागेल, आणि बहुधा लांब चेनसुद्धा. १४ बसवल्यावर चेन सैल पडते, मागचं चाक साधारण ४ मिलिमीटर मागे सरकवून ती ताणून घ्यायची. चेन आता स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) आणखी जवळून जाते, म्हणून तिथली रबरी पट्टी झिजतेय का ते अधूनमधून बघायचं. हायवेवर जिथे इंजिनाचे ५००० आरपीएम (मिनिटाला फेरे) असायचे तिथे ५३५० होतात. मला ते चालतं. ज्याचं रोजचं येणं-जाणं हायवेनेच आहे त्याने १५ ला हात लावू नये.

टायरचं मात्र मातीवर ठरतं. बार्शी-परांड्याकडच्या काळ्या रानात पावसानंतर कुठल्याच नक्षीचं काही चालत नाही. चिखल ठोकळ्यांच्या फटीत भरतो, टायर गुळगुळीत होतो, आणि पुढच्या मडगार्डखाली गाळ असा दाबून बसतो की चाकच फिरेना. काडीने उकरत बसायचं. कोकणातल्या शेवाळलेल्या जांभ्यावर उंच ठोकळे उलट घसरतात, तिथे मऊ रबरच धरतं. म्हणून मी मधल्या उंचीचे ठोकळे एकमेकांजवळ असलेल्या टायरवर आहे. पैसे कमी असतील तर चांगला टायर पुढे टाका. मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा गेला की आपण खालीच.

मागे मूळ १२०/९०-१७ मापाचाच टायर ठेवलाय, म्हणजे रुंदी १२० मिलिमीटर, उंची तिच्या ९० टक्के, रिम १७ इंची. १३०/८० रुंद दिसतो, पण त्याचा व्यास ८ मिलिमीटरने कमी भरतो, म्हणजे गाडीची उंची ४ मिलिमीटर गेली.

कच्च्यात शिरताना पुढची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवतो, त्याखाली नाही. आपली ट्यूबची चाकं. दगडावर आपटलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. डांबर लागलं की पायपंप काढून आधी हवा भरायची, चहा नंतर.